नेपाळचा विषय निघाला म्हणून

काल रंकाळ्यावर मोमोच्या गाडीवरच्या नेपाळी पोराशी बोलत बसलो होतो, म्हणाला २०१५ ला घरी गॅसच मिळत नव्हता, आई चुलीवर रांधायची. लय वाईट वाटलं. त्या सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली, मधेशी (नेपाळच्या दक्षिणेकडचे, आपल्या सीमेलगतच्या सपाट भागातले लोक) नाराज होऊन आंदोलनाला बसले, सीमेवरच्या रक्सौल-बीरगंज नाक्यावर ट्रक अडकले आणि पेट्रोल-डिझेल आपल्याकडूनच जात असल्यामुळं अख्खा देश खोळंबला (आपलं सरकार म्हणतं नाकाबंदी केलीच नाही, तिथल्या लोकांना ते पटत नाही). शेजाऱ्याबाबतीत असं व्हायलाच नको होतं. मग २०१६ ला नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली चीनशी ट्रान्झिट करार (चीनमार्गे माल आणायची सोय) करून आले, ते साहजिकच होतं. २०१९ ला बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत तेलाची पाइपलाइन झाली, हे मात्र खरंच चांगलं काम. आपल्या १०० रुपयांचे तिकडं १६० होतात, १९९३ पासून तोच रेट. पोरगं दर महिन्याला पैसे पाठवतं, आता आईकडं सिलेंडर आहे म्हणाला.