आमची वाटचाल : कडेवरचा ‘प्र’

आमच्या कारखान्यात शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याच्या, प्रतिकृती पाडल्या जातात, हे पुण्याच्या जुन्या बाजारात फिरणाऱ्यांना सांगायला नको. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ हे दोन्ही ठसे माझे भागीदार अण्णा यांनी हाताने कोरले होते. मूळ नाण्याचा ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने अक्षरे कडेला तुटत. अण्णांनी तीही तूट राखली आणि प्रतिकृती ओळखता यावी म्हणून कडेवर बारीक ‘प्र’ उमटवला. आमची चूक तेथेच झाली.

2014 साली एका विक्रेत्याने आमच्याकडून पक्क्या बिलावर दोनशे नाणी नेली, कडेवरचा ‘प्र’ कानशीने घासून काढला, नाणी मिठाच्या पाण्यात भिजवून ओल्या मातीत पुरली आणि त्यांच्यावर हिरवा गंज चढल्यावर ती अस्सल म्हणून विकली. तक्रार झाली तेव्हा पोलीस आधी आमच्या दारात आले. ठसे जप्त झाले, प्रेस बंद पडला, दिवाळीच्या ऑर्डरी हातच्या गेल्या आणि तो गृहस्थ मात्र बाजारात उजळ माथ्याने बसत होता, हे मी आजही विसरलेलो नाही.

आम्हाला तारले ते आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाने. इतिहासाचे हे निवृत्त शिक्षक भिंग घेऊन पोलीस ठाण्यात आले आणि कानशीच्या तिरक्या रेघांखाली उरलेला ‘प्र’चा अर्धा काना त्यांनी दाखवला. शिवाय प्रत्येक नाण्यावर ‘श्री’ अगदी एकाच जागी तुटलेली होती; हाताने पाडलेल्या मूळ नाण्यांत असे होत नाही.

चलनात नसलेल्या नाण्याची प्रतिकृती करणे म्हणजे खोटे चलन पाडणे नव्हे; ती जुनी म्हणून विकणे ही मात्र फसवणूक आहे, जिला तेव्हा कलम 420 लागे आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागते. नाणे खरोखर शंभर वर्षांपूर्वीचे असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे त्याच्या व्यापाराला परवाना हवा, आणि तो त्या विक्रेत्याकडे नव्हता.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी खूण कडेवर मुळीच ठेवू नये आणि बिलावर ‘प्रतिकृती’ हा शब्द, धातू व वजन लिहिल्याशिवाय माल देऊ नये. अमेरिकेत 1973 च्या कायद्याने अशा नाण्यावर ‘कॉपी’ हा शब्द उमटवावाच लागतो.

जप्त झालेले ठसे चार वर्षांनी परत मिळाले, तेव्हा अण्णा हयात नव्हते. नव्या ठशात ‘प्र’ मी ‘छत्र’च्या अक्षरांना जोडून कोरला आहे, तो घासला, तर ‘छत्र’ही जाते.