आर्कराइट: आडनावातली पेटी

शाळेच्या इतिहासात औद्योगिक क्रांतीचा धडा आला की सूतकताईच्या यंत्राशेजारी रिचर्ड आर्कराइट हे नाव हमखास भेटायचं. पण या आडनावाचा सुताशी काडीचाही संबंध नाही. तो आहे पिठाशी.

राइट म्हणजे घडवणारा. गाडे करणारा कार्टराइट, चाकं करणारा व्हीलराइट. नाटककाराला इंग्रजीत प्लेराइट म्हणतात तोही याच कारागिरांच्या पंगतीतला; लिहिण्याशी त्या राइटचं नातं नाही. आर्क म्हटलं की आपल्याला नोहाचं तारू आठवतं, पण शब्दाचा मूळ अर्थ नुसता पेटी. उत्तर इंग्लंडमध्ये, विशेषतः लँकेशायरात, ओटचं पीठ आणि धान्य साठवायच्या मोठ्या लाकडी पेटीला आर्क म्हणत. आपल्या कणगीचं काम तिकडे ही पेटी करी. ती बनवणारा तो आर्कराइट. शब्दच उत्तरेकडचा, त्यामुळे आडनावही तिकडचंच राहिलं आणि विरळ राहिलं.

पेटीची बांधणी मात्र बघण्यासारखी. लाकूड ओकचं, तेही ओलं. करवतीने कापायचं नाही. पाचर ठोकून गाभ्यापासून सालीकडे उभं फाडायचं. अशी फळी रेषेबरहुकूम निघते आणि फारशी वाकत नाही. तिची एक कड जाड, दुसरी पातळ. जाड कडेला खाच पाडायची आणि शेजारच्या फळीची पातळ कड त्यात सरकवायची. सरस नाही, खिळा नाही. लाकूड वाळून आकसलं तरी कड खाचेतल्या खाचेत सरकते, फट पडत नाही. फळ्या घट्ट ठोकून टाकल्या तर त्या आकसताना तडकणार, आणि भेगेतून आधी दमट हवा, मग किडे.

खिळा का नको? ओकमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. ओल्या लाकडात लोखंड गेलं की भोवती काळा डाग उमटतो, खिळा गंजून कुजतो, भोक सैल होतं. म्हणून गिरमिटाने भोक पाडून लाकडी खुंटी, आणि ती मात्र पक्की वाळलेली. भोवतीचं ओलं लाकूड सुकत जातं तसतसं तिला आवळत जातं. कोपऱ्यांचे खांब तळाखाली उतरवून त्यांचेच पाय करायचे, म्हणजे फरशीची ओल पिठाला लागत नाही. झाकण घराच्या छपरासारखं उतरतं. बिजागरीसुद्धा लाकडी खुंटीचीच.

इंग्लंडात आडनावं साधारण तेराव्या ते पंधराव्या शतकात पक्की झाली. त्यानंतर मुलाने बापाचा धंदा सोडला तरी नाव चिकटलेलंच. प्रेस्टनला 1732 साली जन्मलेल्या रिचर्डचा बाप शिंपी होता. तो स्वतः बोल्टनला न्हावी, पुढे केसांचे टोप करणारा. 1769 साली त्याने ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याचा नमुनाही जॉन के नावाच्या एका घड्याळजीने घडवलेला.