तोंड सात वेळा धुऊन पण पिंपल का येतात

आमच्या आईचं ठाम मत होतं की पिंपल म्हणजे तोंड नीट धुतलं नाही. मग काय, मी धुवायचे, कॉलेजातून आले की, जेवले की, झोपताना, पीएमटीतून उतरले की पण, आणि रविवारी डाळीच्या पिठाने खसाखसा घासायचं ते वेगळंच. गाल नुसते ओढल्यासारखे व्हायचे, पिंपल्स मात्र जागच्या जागी. माझी बहीण एकदा धुवायची, तेही आठवण केली तर, आणि तिचं तोंड तुळतुळीत. हा अन्याय मी दहा वर्षं सहन केलाय.

शेवटी स्किनवाल्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी खोलीतला लाइट घालवला, एक जांभळा दिवा माझ्या तोंडासमोर धरला आणि हातात आरसा दिला. नाकावर, नाकाच्या कडांना, हनुवटीवर बारीक बारीक केशरी ठिपके चमकत होते, अक्षरशः राजगिऱ्याएवढे. मी ईई करून आरसा खालीच ठेवला. बाई हसल्या, म्हणाल्या माझ्या नाकावर पण आहेत, बघायचेत?

तर ते ठिपके म्हणजे क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाच्या बॅक्टेरियाने बनवलेलं पॉरफिरिन नावाचं द्रव्य, त्या दिव्याखाली ते केशरी दिसतं. हा प्राणी (प्राणी नाही, पण असो) जवळजवळ सगळ्या मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर असतो. राहतो कुठे, तर छिद्राच्या आत खोल, जिथे हवा कमी आणि तेल भरपूर, म्हणून वरून कितीही घासा, त्याला पत्ताच लागत नाही. तेल फोडून खातो, त्यातून फॅटी अ‍ॅसिड सुटतं, त्याने कातडी थोडी आंबट राहते आणि बाहेरचे काही वाईट जंतू लांब राहतात. म्हणजे तसा कामाचा आहे!

मग गडबड कुठे होते? वयात आलं की हॉर्मोन्समुळे तेल वाढतं, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत हे महाशय बंद खोलीत जेवणाच्या ताटासकट, मग वाढतात, आणि आपलं शरीर घाबरून तिथे फौज पाठवतं. लाली, सूज, पू हे सगळं बरंचसं त्या फौजेचं काम.

मला सगळ्यात भारी वाटलं ते 2013 चं एक संशोधन, लॉस एंजेलिसचं. पिंपलवाले 49 आणि साफ चेहऱ्याचे 52 लोक घेतले, नाकावर त्या ब्लॅकहेड काढायच्या पट्ट्या लावल्या आणि निघालेला माल तपासला. या बॅक्टेरियाचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखंच! फरक होता तो याच बॅक्टेरियाच्या पोटजातीत, काही पोटजाती पिंपलवाल्यांकडे जास्त, एक पोटजात साफवाल्यांकडे जास्त. हे मी बहिणीला फोन करून वाचून दाखवलं, ती म्हणाली बरं मग.

त्याआधी मी केलेला मूर्खपणा पण सांगते. एका मेडिकलवाल्याने न विचारता एक ट्यूब दिली होती, आठ दिवसांत तोंड काचेसारखं झालं, मी खूश, महिन्याने बंद केली तर दुप्पट आले. स्टिरॉइड होतं त्यात. दुसरं म्हणजे नुसता क्लिंडामायसिन जेल सहा महिने लावत बसले होते, बाईंनी कपाळाला हात लावला, एकटं अँटिबायोटिक असं लावत राहिलं की जे जंतू त्याला दाद देत नाहीत तेवढेच उरतात आणि वाढतात. आता रात्री अ‍ॅडापॅलीन, ते बूच सोडवायला, आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्केवालं. हे आत जाऊन ऑक्सिजन सोडतं, तो या बॅक्टेरियाला सोसत नाही, आणि याची सवय पण त्याला लागत नाही. जास्त टक्क्यांचं घेतलं तर फायदा फारसा वाढत नाही, आग मात्र वाढते.

कपाळावर बारीक, एकसारखे, खाजणारे दाणे होते ते तर बॅक्टेरियाचे नव्हतेच. मलासेझिया, म्हणजे फंगस, ती पण तेलावर जगणारी. आणि मी रोज रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपत होते :))

आता बरंच कमी आहे, तीन महिने लागले पण. नुकसान एकच, ते पेरॉक्साइड रंग खातं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आईचा नवा मरून टॉवेल मधोमध नारिंगी झालाय. दुकानदाराने कच्च्या रंगाचा माल गळ्यात मारला म्हणून ती अजून चिडून आहे, आणि मी गप्प आहे.