उजवी घालायची की डावी? डोंगरातल्या लांब फेरीची दिशा ठरवताना

देवळात हा प्रश्न पडत नाही. देव उजव्या हाताला ठेवायचा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालू लागायचं. ही उजवी फेरी, उलटी ती डावी. कैलासाची 52 किलोमीटरची परिक्रमाही हिंदू आणि बौद्ध उजवीच घालतात, तिबेटातल्या बोन पंथाचे लोक तेवढे उलटे फिरतात. पण पन्नास-शंभर किलोमीटर डोंगर धावून निघालो तिथेच परत यायचं असेल आणि दिशा आपणच ठरवायची असेल, तर बरेच जण म्हणतात, "अंतर तेवढंच, चढ तेवढाच, कुठूनही गेलं तरी काय फरक पडतो?" फरक पडतो आणि तो बहुतेक वेळा चढावर नाही, उतारावर पडतो.

डोंगरात किती वेळ लागेल याचा एक जुना हिशेब आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो 1892 मध्ये मांडला. सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास धरायचा आणि 600 मीटर चढामागे आणखी एक तास मिळवायचा. या हिशेबात उतार धरलेलाच नाही, त्यामुळे फेरी कुठूनही मोजली तरी उत्तर एकच येतं. पुढे एरिक लँगमुर या गिर्यारोहकाने त्यात दुरुस्ती केली. उतार 5 ते 12 अंशांचा असेल तर दर 300 मीटर उतरणीला 10 मिनिटं वजा करायची, 12 अंशांपेक्षा उभा असेल तर 10 मिनिटं मिळवायची. म्हणजे एका अंगाने उभा आणि दुसऱ्या अंगाने सैल असा 300 मीटरचा एकच डोंगर घेतला, तर दिशा बदलल्याने 20 मिनिटांचा फरक पडतो. असे पाच डोंगर असले की 100 मिनिटं. हे आकडे चालणाऱ्यांचे आहेत, धावणाऱ्यांचा फरक कमी असतो, पण पारडं त्याच बाजूला झुकतं. 12 अंश म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना साधारण 21 मीटर खाली. नकाशावरच्या समोच्च रेषा मोजून प्रत्येक उतरणीचा हा आकडा काढता येतो.

उतारावर फरक पडतो त्याचं कारण मांड्यांत आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं, पण ताकद त्याच दिवशी, पुढच्या काही किलोमीटरांतच कमी होते. उभा चढ हातात काठ्या घेऊन चालत काढता येतो, तिथे दम लागतो पण पाय शाबूत राहतात. उभ्या उतारावर मात्र दम शिल्लक असूनही पाय लटपटतात.

म्हणून पहिला नियम असा की उभ्या बाजूने चढायचं आणि सैल बाजूने उतरायचं.

आपल्या कोल्हापूरचीच फेरी घेऊन बघू. पंचगंगेवरून निघायचं, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाच्या वाटेने जोतिबा, तिथून गिरोलीमार्गे पन्हाळा, मग वाघबीळ, केर्ली आणि शिवाजी पुलावरून परत. साधारण 45 किलोमीटर. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, जोतिबा आणि पन्हाळा नऊशेच्या पुढेमागे. जोतिबा आधी घेतला तर फेरी डावी होते, पन्हाळा आधी घेतला तर उजवी.

डावी घातली तर गायमुखाची उभी चढण ताज्या पायांनी निघते आणि पन्हाळ्यावरून उतरायला घाटरस्ता मिळतो. गाड्यांसाठी केलेल्या रस्त्याचा उतार सैल असतो, त्यावर ब्रेक न लावता पाय सोडून देता येतात. उजवी घातली तर हाच घाट चढायला लागतो. तो चालायला कंटाळवाणा आणि धावायला थकवणारा, त्यामुळे बहुतेक जण उगाच धावतात. मग तीसेक किलोमीटर झाल्यावर गायमुखाकडची उतरण समोर येते. थकलेला पाय प्रत्येक टप्प्याला आपटत उतरतो, पाऊल बुटात पुढे घसरतं आणि अंगठ्याचं नख टोकाला ठेचत राहतं. नखं काळी पडतात ती इथेच. कोणत्याही दिशेने गेलात तरी उतरणीआधी थांबून बुटाची नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून ओवून टाच आवळून घ्या. अर्धं मिनिट जातं, नख वाचतं.

डावीचा तोटाही आहे. शेवटचे वीस किलोमीटर डांबरी, त्यातला बराच भाग रत्नागिरी रस्त्याचा, ट्रक-बस अंगावरून जातात. तरीही मी डावीच सुचवेन. मांड्या संपल्या तरी सपाटीवर रेटत राहता येतं, उभ्या उतरणीवर येत नाही. शिवाय जोतिबाचा वार रविवार. माघात खेट्यांच्या, म्हणजे लागोपाठ पायी दर्शनाला जाण्याच्या, रविवारी भाविक गायमुखाच्या याच वाटेने चढत असतात. त्यांच्या तोंडावर धावत उतरणं धोक्याचं आहे आणि शोभतही नाही. त्या दिवशी त्यांच्यासोबत, त्यांच्या चालीने वर जायचं.

दुसरी गोष्ट वाट सापडण्याची, आणि सह्याद्रीत कित्येकदा ती मांड्यांपेक्षा मोठी ठरते. चढताना सोंडा एकत्र येतात, उतरताना त्या फुटतात. खालून कुठलीही ढोरवाट धरली तरी बहुधा माथ्यावर पोचवते. वरून मात्र चुकीच्या सोंडेवर पाय पडला की दोनशे मीटर खाली गेल्यावर कळतं, आणि तेवढंच परत चढावं लागतं. पन्हाळ्याच्या पश्चिमेचं मसाई पठार फेरीत जोडणार असाल तर हे नीट ध्यानात ठेवा. पावसाळी धुक्यात पठारावर खूण सापडत नाही आणि उतरणीचं तोंड अगदी कडेवर गेल्याशिवाय दिसत नाही. ज्या बाजूची वाट शोधायला अवघड, ती बाजू चढायला ठेवा. ते जमत नसेल तर निदान ती उजेडात येईल अशी निघायची वेळ धरा. डिसेंबरात आपल्याकडे सहानंतर लगेच अंधार पडतो, जूनमध्ये तासभर जास्त मिळतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा पठार पूर्वेकडे येताना पार केलं तर तो पाठीवर राहतो. ओला जांभा शेवाळाने निसरडा होतो, आणि समोरून वारा आणि पाऊस असताना पाय कुठे टाकतोय तेच दिसत नाही.

उन्हाळ्यात हिशेब फिरतो. पश्चिमेकडची चढण सकाळी सावलीत असते, पूर्वेकडची दुपारनंतर. गायमुखाच्या चढणीवर सकाळचं ऊन येतं, म्हणून मार्चनंतर डावी घालायची तर पहाटे पाचच्या आत पंचगंगा सोडावी. पाण्याचंही तसंच: कोरड्या टप्प्याआधीचं शेवटचं गाव कोणतं हे दिशेप्रमाणे बदलतं. मी माणशी तासाला अर्धा लिटर धरून चालतो, उन्हात पाऊण.

कधीकधी एकच जागा बाकी सगळे नियम बाजूला सारते. इंग्लंडमधल्या बॉब ग्रॅहम फेरीत 24 तासांत 42 शिखरं करायची असतात. तिच्यात ब्रॉड स्टँड नावाचा कातळटप्पा आहे. उजवी घातली तर तो चढायला येतो, डावी घातली तर उतरायला. हातापायांनी चढायचा कातळ चढतानाच बरा, कारण पाय ठेवायची खाच डोळ्यांसमोर असते. नेपाळमधल्या अन्नपूर्णेच्या फेरीत हा निर्णय उंची घेते. मनांग 3,540 मीटरवर, थोरोंग ला खिंड 5,416 वर, पलीकडे मुक्तिनाथ साधारण 3,800 वर. मनांगकडून टप्प्याटप्प्याने मुक्काम करत चढता येतं. मुक्तिनाथकडून एका दिवसात सोळाशे मीटर चढावं लागतं आणि शरीराला विरळ हवेची सवय झालेली नसते. तिथे डावीच घालावी. अमेरिकेतल्या हार्डरॉक 100 शर्यतीत मात्र दरवर्षी दिशा उलटी करतात, म्हणजे त्याच डोंगरांची परीक्षा दोन्ही अंगांनी होते. सरावासाठी आपणही तेच करावं: एका आठवड्यात जोतिबा आधी, दोन आठवड्यांनी पन्हाळा आधी, आणि गायमुख चढायला आणि उतरायला लागलेला वेळ वेगवेगळा लिहून ठेवायचा. लांब फेरीचा अंदाज त्यावरूनच करावा.

दिशा ठरली की जीपीएस घड्याळात भरलेला मार्ग उलटा करताना एक चूक हमखास होते. रेघ उलटते, पण वळणांच्या सूचना अनेकदा मूळ दिशेच्याच राहतात. त्या काढून नव्याने टाकाव्या लागतात. दगडांवर रंगवलेले बाणही एकाच बाजूने दिसतात, म्हणून उलट जाताना प्रत्येक फाट्यावर मान वळवून मागे बघायचं. आणि घरी कागदावर गावांची नावं लिहून ठेवताना ती ज्या क्रमाने गाठणार त्याच क्रमाने, समोर अंदाजे वेळ घालून लिहा. शोधायला कोणी निघालं तर ते कोणत्या टोकाकडून यायचं हे त्या कागदावरूनच ठरवतील.