सेलडोहला काही नाही

धंतोलीतल्या पोटविकारांच्या एका ओपीडीत मी आहारतज्ज्ञ आहे. त्या दिवशी डॉक्टरांनी एका कंडक्टरभाऊंना माझ्याकडे पाठवलं. वय 45, नागपूर-वर्धा गाडीवर ड्युटी, 9 वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण होण्याचा आजार. दुर्बिणीच्या तपासणीत एकही व्रण नाही, शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन) 38, म्हणजे 50च्या आत. आजार शांत होता, तरी सहा महिन्यांत वजन 5 किलो उतरलेलं.

"भाऊ, सकाळी काय खाता?"

"ड्युटी असली का काहीच नाही, मॅडम. रात्री घरी आलो का जेवतो. गाडीत पन्नास माणसं. मले लागली तर दोन मिनिटं नाही धरवत."

मग त्यांनी तिकिटांच्या बॅगेतून चौघडी केलेला कागद काढला. घड्यांवर फाटत आलेला. बुटीबोरी – हॉटेल, मालक ओळखतो. केळझर – देवळाजवळ. सेलू – स्टँड. सेलडोह – काही नाही. त्या 'काही नाही'खाली दोन रेघा होत्या.

मला फार वाईट वाटलं. याच भाऊंना मागच्या वेळी मी "रिपोर्ट छान आहेत, तिखट कमी करा" एवढं सांगून पाठवलं होतं. खरं तर सूज गेली तरी वर्षानुवर्षं सुजलेला गुदाशय पूर्वीसारखा ताणला जात नाही, थोड्याशानेही घाई होते. आजार शांत असलेल्या साधारण तिघांतल्या एकाला असा त्रास उरतोच. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. औषध लागू पडत नाही असंच ते समजून चालले होते.

जगण्यावर आजाराचा किती भार आहे हे मोजणारी 32 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. आम्ही ती भरायला बसलो. लग्नकार्याला जाणं टाळता का, या अर्थाच्या प्रश्नाशी ते थांबले. पुतणीच्या लग्नात ते मांडवाबाहेरच उभे होते.

पोटात अन्न गेलं की आतडं हलतं. त्याचाच उपयोग करायचं ठरवलं: पहाटे साडेचारला उठून मऊ भात-वरण, मग घरीच तासभर थांबायचं. उपाशीपोटी चहा बंद. ड्युटीपुरती घाई आवरणारी गोळी डॉक्टरांनी तपासून दिली. नेहमीच्या गोळ्या तशाच चालू.

महिन्याने भाऊ आले. वजन सव्वा किलोने वाढलेलं. बहुतेक दिवस जेवून निघाले होते. एकदा मात्र केळझरला गाडी थांबवावी लागली. तेही मी फाइलमध्ये लिहिलं, रिपोर्टच्या आकड्याशेजारीच.