बंप स्टॉपवर बसलेली गाडी

सस्पेन्शन तपासायला माझ्याकडे आलेल्या या गाडीची तक्रार एकाच वळणाची होती. ट्रॅकवरच्या त्या लांब उजव्या वळणाच्या मध्यावर ओळीने बारीक उंचवटे आहेत. तिथे गाडीचं नाक अचानक बाहेर पळायचं. आतापर्यंत असलेली पकड क्षणात गायब. बाकी वळणांत गाडी बरी चालायची. रस्त्यावर मात्र गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘टक्’ असा आवाज आणि दणका थेट कमरेत. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात), मागे मल्टिलिंक (चाक अनेक दांड्यांनी धरलेलं), नुकतेच कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे संच) बसवलेले. मालकांचा आग्रह होता की पुढे अजून कडक स्प्रिंग टाका आणि मागे जाड अँटी-रोल बार (डावी-उजवी चाकं जोडून गाडीचं झुकणं कमी करणारा दांडा) लावा.

स्प्रिंगवर आळ घेण्याआधी मी हिशोब मांडला. पुढची स्प्रिंग ६ किलो/मिमी. मॅकफर्सनमध्ये मोशन रेशो (चाक एक मिमी हललं की स्प्रिंग किती दबते) साधारण ०.९५, त्याचा वर्ग करून गुणलं की चाकापाशी मिळतात ५.४. मागची स्प्रिंग ७ ची, पण ती आर्मवर आतल्या बाजूला असल्याने रेशो ०.६५, म्हणजे चाकापाशी जेमतेम ३. पुढे एका कोपऱ्यावर स्प्रिंगने तोललेलं वजन ३६५ किलो, मागे २१०. दोन्हीकडे स्प्रिंगवर वर-खाली हेलकावण्याची वारंवारता १.९ हर्ट्झच्या आसपास येते. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी चालवायच्या गाडीला हे कडकच आहे. अजून कडक करण्यात काही अर्थ नव्हता.

मग डस्ट बूट वर सरकवून शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बांधला (शॉक किती दबला ते तो सरकून दाखवतो) आणि गाडी चाकांवर उतरवली. उभ्या गाडीत शॉकचं तोंड आणि बंप स्टॉप (शॉक दबताना शेवटी अडवणारा लवचीक ठोकळा) यांच्यात अंतर निघालं १४ मिमी. डाव्या-उजव्या चाकांत १५०० मिमी अंतर आहे असं धरून गाडी नुसती दोन अंश झुकली, तरी बाहेरचं चाक २६ मिमी वर सरकतं. म्हणजे वळणात शिरताच डावा पुढचा शॉक बंप स्टॉपवर टेकलेला, आणि उंचवटे त्यानंतर यायचे. बंप स्टॉप दाबला गेला की त्या चाकाचा कडकपणा एकदम कित्येक पटींनी वाढतो. पुढचा रोल कडकपणा (वळणात झुकण्याला होणारा विरोध) वाढला की वजनाची जास्त अदलाबदल पुढच्या टायरांवर होते, बाहेरचा टायर ओझ्याखाली हरतो आणि नाक सरळ जातं. हेच मागे घडलं असतं तर गाडीची शेपूट सुटली असती.

गाडी खाली करताना खालच्या ब्रॅकेटचे आटे (यांनी स्प्रिंगला हात न लावता उंची बदलते) कोणी वापरलेच नव्हते. फक्त स्प्रिंगची बैठक खाली फिरवली होती. गाडी जॅकवर घेतली तर स्प्रिंग २७ मिमी सैल, हाताने गोल फिरत होती. चाक खाली लोंबून परत बसताना येणारा ‘टक्’ तोच. बैठक २९ मिमी वर घेतली, म्हणजे लटकत्या अवस्थेत २ मिमी प्रीलोड (स्प्रिंगवर आधीचा दाब) राहिला, आणि शॉकची बॉडी ब्रॅकेटमध्ये ९ मिमी आत घातली. गाडी २० मिमी उंच झाली आणि बंप स्टॉपपर्यंतची जागा १४ वरून ४३ मिमी झाली. दिसायला गाडी पूर्वीइतकी बसकी राहिली नाही, पण ट्रॅव्हल (शॉकला दबायची जागा) नसेल तर बसकं दिसणं फुकट. शिवाय मॅकफर्सन फार खाली नेला की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) आतलं टोक बाहेरच्यापेक्षा खाली जातं. रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली उतरतं आणि गाडी उलट जास्त झुकते.

दुसरा दोष डॅम्पिंगचा, म्हणजे शॉकने हालचाल रोखण्याचा होता. पुढच्या शॉकचे नॉब पूर्ण बंद करून फक्त ३ क्लिक उघडे होते. अशा एक-नॉबच्या शॉकमध्ये नॉब फिरवल्याने प्रामुख्याने रिबाउंड (दबलेला शॉक परत लांब होतानाचा विरोध) बदलतो. रिबाउंड जास्त आवळला की एका उंचवट्यानंतर दांडा पूर्ण बाहेर यायच्या आत दुसरा उंचवटा येतो, आणि गाडी टप्प्याटप्प्याने खाली खाली ओढली जाते. १४ मिमी असे संपायला वेळ लागत नाही. ट्रॅकसाठी १२ क्लिक, रस्त्यासाठी २० ठेवले. क्लिक नेहमी पूर्ण बंद टोकापासून मोजायचे. उघडं टोक प्रत्येक शॉकचं सारखं असेलच असं नाही.

लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) चाकं लटकत असतानाच आवळलेले होते. रबर बुश पिळलेल्या स्थितीत बसला की तोच लहानशी स्प्रिंग बनतो, आणि लवकर फाटतो. बोल्ट सैल करून, गाडीचं वजन चाकांवर असताना टॉर्क रेंचने आवळले. नुसते सैल केल्यावरच पुढची बाजू ४ मिमी खाली बसली. म्हणून उंची ठरवण्याआधी बुश.

मग चारही चाकांखाली वजनकाटे, आकडे किलोत. अँटी-रोल बारच्या लिंका सोडलेल्या, टायरचा दाब नेमका, चालकाच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी पोती. पुढे डावं ३९६, उजवं ४१४. मागे डावं २५२, उजवं २३८. उजवं पुढचं आणि डावं मागचं मिळून ६६६, म्हणजे १३०० च्या ५१.२ टक्के. हवे होते ५० च्या जवळ. या कर्णावरच्या दोन बैठका अर्धा आटा खाली, उरलेल्या दोन अर्धा आटा वर. चारही कोपऱ्यांत बदल वाटला की उंची बिघडत नाही. ५०.२ वर थांबलो आणि लिंका ताणाशिवाय बसतील अशा लांबीला लावल्या.

अलाइनमेंट (चाकांचे कोन) शेवटी आणि मागून सुरू: मागे कॅम्बर (चाकाचा उभा कल, उणे म्हणजे वरची बाजू आत) उणे १.८ अंश, टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली) एकूण २ मिमी आत. पुढे कॅम्बर प्लेटवर दोन खुणा केल्या, ट्रॅकला उणे २.८, रस्त्याला उणे १.६. कॅम्बर हलला की टोही हलतो. ट्रॅकच्या खुणेवर टो शून्य ठेवला आणि रस्त्याच्या खुणेवर तो परत शून्यावर आणायला टाय रॉड (चाक वळवणारा स्टिअरिंगचा दांडा) किती फिरवायचा ते मोजून मालकांना लिहून दिलं.

आधीच्या सत्रातले डाव्या पुढच्या टायरचे आकडे मालकांनी सुईच्या तापमापकाने घेतले होते: बाहेर ९८, मध्ये ९०, आत ८४ अंश, म्हणजे भार बाहेरच्या कडेवर. आता आत ९३, मध्ये ८८, बाहेर ८६ आले, गरम दाब ३४ पीएसआय. केबल टाय कर्बवर (वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर) बंप स्टॉपला जेमतेम टेकून थांबला होता. त्या वळणात नाक जागेवर राहिलं, म्हणून जाड बारचा विषय तूर्त बाजूला ठेवला. स्ट्रट आणि नकलचे (चाक धरणाऱ्या भागाचे) बोल्ट पहिल्या सत्रानंतर पुन्हा आवळून त्यांवर रंगाची रेघ मारली. रस्त्यावर परतताना बदलायचं ते इतकंच: क्लिक, कॅम्बरची खूण, टाय रॉड आणि टायरचा दाब. उंचीला हात लावायचा नाही, कारण ती हलली की काट्यावरचं आणि अलाइनमेंटचं सगळं काम पुन्हा करावं लागतं.