पत्त्याच्या रकान्यात काय लिहू?

सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे छळ सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र. तिथल्या ताईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि मी दुसऱ्याच ओळीला अडले. कायमचा पत्ता. सासरचा लिहावा तर तिथून मला सात महिन्यांच्या लेकीसकट बाहेर काढलेलं. माहेरचा लिहावा तर भावाचं घर दोन खोल्यांचं, वहिनीला सातवा महिना, आणि आईने तिसऱ्या दिवशीच विषय काढला होता, "जावई रोज थोडीच पितात?" ताई म्हणाल्या, "राहू दे, सध्या रिकामं ठेव."

2023 चा पावसाळा होता. मी एकवीस वर्षांची, बारावी पास. निघताना हाताला लागलं ते घेतलं: दोन झबली, दुधाची बाटली, लेकीचं लसीकरणाचं कार्ड. माझं आधार सासूबाईंच्या कपाटात राहिलं. आधी पोलीस चौकीत गेले होते. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, "घरातलं भांडण आहे, निवळेल" म्हणाले आणि वाटेला लावलं. नंतर लेकीला डोस द्यायला नेलं तेव्हा आशाताईने त्या कार्डाच्या मागेच पेनने महिला हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. 181. "रात्रीसुद्धा उचलतात गं."

खरंच उचलला. पलीकडच्या बाईने आधी माझं नाव नाही विचारलं. "आत्ता कुठे उभी आहेस, बाळ जवळ आहे का," एवढंच विचारलं. मी एसटी स्टँडवर उभी होते.

सखी केंद्रातला मुक्काम तात्पुरता, पाचेक दिवसांचा. तेवढ्यात समुपदेशन झालं, डॉक्टरांनी तपासलं आणि संरक्षण अधिकारी मॅडमनी घरगुती घटना अहवाल भरून घेतला. त्यांच्याकडूनच कळलं की घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याप्रमाणे घर नवऱ्याच्या नावावर असो की सासऱ्याच्या, तिथे राहण्याचा हक्क मला आहे. तिथे नको असेल तर कोर्टाकडे दुसरीकडचं भाडंही मागता येतं. मी भाडं मागितलं. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. माझा नुसता अंतरिम आदेश यायला सात महिने लागले. तोवर राहायचं कुठे? मॅडमनी शक्ती सदनाची, म्हणजे निराधार बायकांसाठीच्या निवारागृहाची चिठ्ठी दिली. पूर्वी स्वाधार गृह म्हणायचे ते हेच.

माझ्या डोक्यात सदन म्हणजे अनाथाश्रम. निघालं एक दुमजली घर, दारात चपलांचा ढीग, भिंतीला स्वयंपाकाच्या पाळ्यांचा तक्ता. एका हॉलमध्ये आठ खाटा. लेक रात्री रडायला लागली की सात कुशी बदललेल्या ऐकू यायच्या. कुणी बोलायचं नाही, पण सकाळी नळावर बोलणी बसायची. मोबाईल संध्याकाळी कार्यालयात जमा करायचा, बाहेर जाताना रजिस्टरमध्ये कारण लिहायचं. पोरीसाठी बाळगुटी आणायला निघाले तरी कारण लिहायचं! राग यायचा. पण गेट आतून बंद असतं म्हणून झोप लागायची, हेही खरं.

समोरच्या खाटेवर एक ताई होत्या, त्यांच्याविषयी सांगायलाच हवं. त्यांचा मुलगा साडेअकरा वर्षांचा. सदनात आईबरोबर मुलगा बारा वर्षांपर्यंतच राहू शकतो. त्याचा वाढदिवस जवळ आला तसं त्या माउलीचं जेवण कमी झालं. पोरगं दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं राहायचं आणि विचारायचं, "मी उंच दिसतो का?" शेवटी त्याची सोय एका वसतिगृहात झाली. चांगली झाली, पण तिच्या खाटेवर त्याची उशी बरेच दिवस तशीच होती.

मी शिलाई शिकले. आमच्या सोलापुरात शाळेच्या गणवेशाचे कारखाने गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हात बसला की काम मिळतं. मला कॉलर जोडायला दिल्या, नगावर पैसे. अडचण कामाची नव्हतीच. नऊ ते सहा लेकीला धरणार कोण? अंगणवाडीत बसायला तीन वर्षं पूर्ण लागतात. पाळणाघराची सक्ती पन्नास कामगारांपासून पुढे, आमच्याकडे मशीनच बावीस. सगळ्या योजना छप्पर देतात, कायदा हक्क देतो, पण दिवसभर पोर कडेवर घेणारं माणूस कुठल्या फॉर्ममध्ये मागायचं? ते मला सदनातच सापडलं. मुलांनी घराबाहेर काढलेल्या एक मावशी. आधी म्हणाल्या, "मला गुंतायचं नाही आता." आठवड्याने बघते तर पायांवर उताणी घेऊन तेल चोळतायत.

दीड वर्षाने बाहेर पडले. खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" दोन ठिकाणी खरं सांगितलं, दोन्हीकडे खोली "आत्ताच गेली". तिसरीकडे सदनाच्या अधीक्षक मॅडम स्वतः बरोबर आल्या. दहा बाय दहा, भाडं अडीच हजार, डिपॉझिट दहा. मधल्या काळात आधारवरचा पत्ताही बदलला होता. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखांचं ठराविक नमुन्यातलं पत्र आधार केंद्रात चालतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझे चार हेलपाटे वाचले असते, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता रेशन कार्डाच्या मागे आहे. सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला मिळवायलाच दोन महिने गेले. गेल्या सोमवारी खिडकीवरच्या भाऊंनी सवयीने विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?" मी माझं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात घरातली मोठी बाईच प्रमुख असते. "असते, असते," म्हणत त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, पोरीच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स नीट दिसत नाही, पुढच्या सोमवारी या. म्हणजे परत अर्ध्या दिवसाच्या कॉलर बुडणार.